भरीत नावाचं टेम्प्लेट

२ डिसेंबर

सकाळी सकाळी अनोळखी नंबर. उचलला तर— "हाऊ राजदीपभाऊना नंबर शे ना?"

नाही म्हटलं. तर म्हणे, वेबसाइटवर हाच दिलाय!

फोन ठेवला आणि त्या नंबराकडेच बघत बसले. वेडी आहे मी! पण राजदीपचं नाव मी उन्हाळ्यापासून कुणापुढे घेतलेलं नाही, आणि हा कोण कुठला माणूस सहज घेऊन मोकळा झाला.

ऑफिसात गेल्या गेल्या शोधलं. धुळ्यात वेबसाइटी करायचं स्वतःचं काम सुरू केलंय त्याने. आणि त्याची साइट कसली? भरीत! मी बनवलेलं वेबसाइटचं टेम्प्लेट! तोच हिरवा रंग. (पुण्याची एक जण म्हणाली होती, वांगं जांभळं असतं ना? बाई, जळगावला ये, मग सांगते.) खाली संपर्कात माझा मोबाइल नंबर.

३ डिसेंबर

काल दिवसभर आणखी फोन. आईने विचारलं, "कोणाचे गं एवढे?" सांगावं लागलं. की आम्ही जळगाव-धुळ्याचे वेबसाइटवाले आपापली टेम्प्लेट एकमेकांना फुकट देतो. एकाने साचा करायचा, दुसऱ्याने त्यात नाव, फोटो, नंबर बदलून आपलं काम भागवायचं.

"म्हणजे आपलं शेवयांचं मशीन गल्लीभर फिरतं, तसंच की!"

हो, तसंच. फक्त शेवया झाल्या की ज्याचं मशीन त्याला दाखवायच्या, म्हणजे साइटची लिंक पाठवायची. एवढाच रिवाज.

राजदीपने नाही पाठवली. साधी लिंक! एवढी परकी झाले?

४ डिसेंबर

नंबराची चूक माझीच असणार. सुरुवातीला मी नमुना म्हणून स्वतःचाच नंबर टाकून द्यायचे. यावलच्या एका क्लासवाल्याने तो बदललाच नाही आणि गेल्या वर्षी अख्खा जून मी पालकांना सांगत बसले— नाही हो, इथे ॲडमिशन मिळत नाही! राजदीप हसून हसून लोळला होता. "आते बठ्ठं यावल तुले वळखस!" मग त्यानेच माझ्या शेजारी खुर्ची ओढून एकेक टेम्प्लेट साफ केलं. नंबराच्या जागी नुसती शून्यं.

भरीत तेवढं राहून गेलं असेल. पण तोही इतका बेफिकीर कधीपासून झाला?

६ डिसेंबर

विहारात अभिवादनाला गेलो होतो. फोन बंद ठेवला. बाहेर पडल्यावर पहिलं काम काय केलं, तर मिस्ड कॉल बघितले. लाज वाटली.

८ डिसेंबर

दोंडाईचाचे झिपरूआबा. मिरचीचे व्यापारी, त्यांना दुकानाची वेबसाइट हवी आहे. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. "बठ्ठा फोटो तयार शेतस, त्यास्ले सांगा!" मी राजदीपची कारकून आहे असं समजून चालले होते. मीही हो हो म्हटलं. आणि मग तोंडातून निघूनच गेलं— कसे आहेत ते?

"वाळी गया बिचारा. दाढी ठेवेल शे."

दाढी! त्याला कशी दिसत असेल? दिवसभर तेच डोक्यात.

इथे जळगावात आमचं दोघांचं ऑफिस निघणार होतं. जागा बघितली होती. पाटीच्या रंगावरून भांडूनही झालं होतं. मग त्याचा मोठा भाऊ नाशिकला निघून गेला, त्याचे वडील, नाना, धुळ्याच्या फ्लेक्सच्या दुकानात एकटे पडले, आणि हा म्हणाला, मला धुळ्याला जावं लागेल. नानांना असं कसं सोडू? बरोबरच होतं त्याचं. मला ते तेव्हा ऐकायचंच नव्हतं. बसस्टँडवर मी त्याला म्हणाले, "तू फोन करू नकोस. मला वाटलं तर मी करेन."

त्याने मान डोलावली. आणि पाळलं! शब्द पाळायची खोडच आहे त्याला. मी मात्र रोज वाट बघते की आज तरी मोडेल.

मला तो हवा आहे. लिहिलं एकदाचं.

११ डिसेंबर

मेसेज लिहिला— "तुझ्या साइटवर माझा नंबर राहिलाय, बदल." पाठवला नाही. बदलला की हे फोनही बंद. त्याच्याकडचं तेवढंच तर येतं माझ्याकडे.

१३ डिसेंबर

आज एकही फोन नाही. घाबरून साइट उघडली. नंबर आहे. हुश्श!

१५ डिसेंबर

झिपरूआबा चिडले. "तुम्हना राजदीपभाऊ फोन करस का नही? मी दुसराले काम दिसू!" खरं आहे. बिचाऱ्याने आत्ता कुठे सुरुवात केली आहे आणि मी त्याची गिऱ्हाइकं कवटाळून बसले आहे. हे प्रेम नाही, हा शुद्ध आपमतलबीपणा! आबांना म्हटलं, उद्यापर्यंत थांबा.

उद्या मूळ भरीतमधूनच माझा नंबर काढून टाकते, म्हणजे आणखी कुणाचा घोळ नको. मग त्याला कळवते. दोन ओळी, कोरड्या.

१६ डिसेंबर

मूळ भरीत उघडलं. नंबराच्या जागी शून्यं. ओळीने दहा. राजदीपने साफ केलं होतं, तसंच आहे.

माझा नंबर त्याच्या साइटवर त्याने स्वतः टाकलाय.

फोन मी करेन, असं मीच म्हटलं होतं ना? लावते.