कार्डावरची सही

वहिनी,

सध्या एका सायकल दुकानात पंक्चर काढतो. मालक म्हणतो, हात चांगला आहे, बूड तेवढं स्थिर नाही. असो, भरकटलो.

दादाच्या त्या तीनशे किलोमीटरच्या सायकल राईडचं, शिक्के मारलेलं कार्ड तू भिंतीवर लावलंयस. "शेवटचं अक्षर, पण बघ कसं ठाम," म्हणत त्याच्या सहीवरून बोट फिरवतेस. मी नुसती मान डोलावतो.

शेवटच्या चढावर तो म्हणाला, "छातीत जळजळतंय रे, जरा बसू."

मी म्हणालो, "पित्त असेल. वेळ संपायला अर्धा तास उरलाय, बसलास तर सगळं पाण्यात."

पोचल्यावर तो भिंतीला टेकून बसला. डॉक्टर शोधायचं सोडून मी दोघांची कार्डं घेऊन शिक्क्याच्या रांगेत उभा राहिलो. दादाचं कार्ड बघून शिक्केवाला म्हणाला, "यावर सही राहिलीय." शाळेत प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून त्याची सही ठोकून हात बसलेलाच होता. झोकात केली.

वळलो तेव्हा त्याची मान कलली होती. दवाखान्यात म्हणाले, दहा मिनिटं आधी आणायला हवं होतं.

हे पत्र चौथ्यांदा लिहिलंय. पोस्टात टाकलं, तर त्या भिंतीवर तू काय लावशील?

तुझाच,
धाकटा