मी जिवंत असल्याबद्दल

जळगाव,
रविवार

ती. तोताराममामा यांस,

भाचा योगराज याचा, स्वतःच्या हाताने लिहिलेला आणि दुपारी पोटभर जेवून केलेला, साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? रत्नामामींचा खोकला थांबला का? आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. (हे वाक्य दर पत्रात असतं म्हणून त्यावरून पुढे सरकू नका. या वेळी ते मी विचार करून लिहिलं आहे. ‘सर्व’ मध्ये मीही आहे.)

पत्र लिहिण्यास कारण की, मी जिवंत आहे. परवा माफी मागायला फोन केला तर तुम्ही म्हणालात की तुझ्या फोटोवर भरवसा नाही, आवाजावर तर मुळीच नाही, हल्ली कोणाचाही आवाज काढता येतो; जे काय सांगायचं ते हाताने लिहून पाठव. म्हणून हा कागद. अक्षर ओळखाल असं वाटतं, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत धुळ्याला तुमच्या ओट्यावर बसवून ते तुम्हीच घोटवून घेतलं होतं, आणि ते बिघडू नये म्हणून माझ्या पाठीत दोन-चार धपाटेही घातले होते.

तुमचा राग मला कळतो. आधीच मोहिनीताईच्या लग्नापासून आपल्या दोन घरांत बोलणं नाही. नवरीला मांडवात मामाने आणायचं, आणि तुमची गाडी पंक्चर होऊन वाटेत अडकलेली. मुहूर्त जाईल म्हणून अण्णांनी कुठल्या तरी चुलतमामाला पुढे केलं. तुम्ही पोचलात तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. तुम्ही न जेवता परत गेलात, त्याला सहा वर्षं झाली. तुमचा उंबरा अण्णा चढत नाहीत, आमचा तुम्ही चढत नाही, आणि आईची राखी कुरियरने जाते. (कुरियरवाला आता आईला अक्का म्हणतो.) अशात तुम्ही आमच्याकडे यायला निघालात ते माझ्या मयतीला, आणि ती मयतही खोटी निघाली. हे सगळं कसं झालं ते सांगतो. तुम्हाला पटेल असं नाही, पण मलाही ते अजून नीटसं पटलेलं नाही.

आमच्या कॉलेजात यंदा चार-चार जणांचे गट करून एकेका संस्थेचे व्हिडिओ करायचे, तिचं पेज चालवायचं, आणि ते किती लोकांपर्यंत पोचलं हे मॅडमना दाखवायचं असं काम आहे. संस्था चिठ्ठ्या टाकून वाटल्या. एका गटाला बिबडे-पापड करणाऱ्या बायकांचा बचत गट मिळाला. (ती पोरं जाताना बारीक होती.) एका गटाला व्यायामशाळा मिळाली. आमच्या चिठ्ठीत एरंडोलचं ‘अखेरची सोबत मंडळ’ निघालं. गावात कोणाकडे माणूस गेलं की बांबू, सुतळी, मडकं, पांढरं कापड, थंड पेटी, सगळं हे मंडळ दारात आणून देतं आणि तिरडीही बांधून देतं, कोणाकडून काही न घेता. ज्या घरात रडारड चालली आहे त्या घरच्या माणसांना बांबू शोधत हिंडावं लागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. काम सोन्यासारखं आहे, मामा. पण निम्म्या गावाला मंडळ माहीतच नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते अध्यक्ष शालिग्रामआबा समोरून येताना दिसले की गल्ली बदलतात.

आता आमच्या गटाबद्दल. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायचं मार्कर कामिनीच्या हातात होतं, म्हणून ती प्रमुख झाली. ते मार्कर तिने अजून खाली ठेवलेलं नाही. समाधानकडे कॅमेरा आणि एडिटिंग. त्याला काहीही विचारा, तो ‘होऊन जाईल’ म्हणतो. कोणाकडून होऊन जाईल हे सांगत नाही. प्रज्ञाकडे सोशल मीडिया. तिचं म्हणणं, पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. आमच्या विषयात माणूस कायमचाच थांबलेला असतो, हे मी तिला सांगून पाहिलं. माझ्याकडे ‘बाकीचं सगळं’ हे खातं होतं. आमच्या मीटिंगा कँटीनमध्ये होत. पेजचं नाव काय ठेवायचं यावर दोन मीटिंगा गेल्या, मागे गाणं कोणतं लावायचं यावर कामिनी आणि प्रज्ञा आठवडाभर एकमेकींशी माझ्यामार्फत बोलत होत्या, आणि एवढं सगळं झाल्यावर कँटीनवाल्याने सुचवलेलं नाव एकमताने मंजूर झालं. मी मात्र तेव्हापासून फार थकलो आहे. एसटीने एरंडोलला जाऊन-येऊन नव्हे. चार माणसांचं एकमत होण्याची वाट बघून थकवा येतो तो हाडात बसतो.

शूटिंगच्या दिवशी अडचण आली ती मयताची. तिरडी कशी बांधतात हे दाखवायचं तर तिच्यावर कोणी तरी हवं. मंडळाची सगळी म्हातारी माणसं इस्त्रीचे कपडे आणि नव्या टोप्या घालून आली होती, पण झोपायला कोणी तयार नव्हतं. शालिग्रामआबा म्हणाले, “आमनी पाळी तं येनारच शे, मंग आते सराव कसाले?” समाधानला कॅमेरा धरायचा होता, कामिनीला ओरडायचं होतं, प्रज्ञाला हे सगळं होत असताना त्याचाही व्हिडिओ काढायचा होता. राहिलं बाकीचं सगळं, म्हणजे मी. खोटं कशाला सांगू मामा, तिरडीवर पाठ टेकली आणि सत्र सुरू झाल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं. कोणी काही विचारत नव्हतं, कोणाचा निरोप कोणाला द्यायचा नव्हता. मला झोप लागली. घोरण्याचा आवाज रेकॉर्ड झाला म्हणून पुन्हा घ्यावं लागलं. दुसऱ्यांदा नाकातल्या कापसाने शिंक आली. तिसऱ्यांदा सगळं नीट झालं, पण आबांनी हौसेने अशा पक्क्या गाठी मारल्या होत्या की त्या सुटेनात. कामिनी म्हणाली आधी चहा घेऊ, आणि सगळे मला तसंच बांधून चहाला गेले. तेवढ्यात रस्त्याने जाणाऱ्या एक आजी थांबल्या, चपला काढून पाया पडल्या, आणि कोण्या माउलीचं पोर आहे म्हणत डोळ्यांना पदर लावून खरंच रडल्या. मी डोळे मिटूनच राहिलो. उठून नमस्कार केला असता तर त्यांच्या वयाला ते झेपलं नसतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ बॅनरने केला. मयताच्या घरच्यांना श्रद्धांजलीचा बॅनरही मंडळानेच करून द्यावा ही प्रज्ञाची कल्पना. (कल्पना चांगली होती हे मी आजही म्हणतो.) त्यासाठी एक नमुना हवा होता. व्हिडिओत मी आधीच मेलेलो असल्यामुळे फोटोही माझाच घ्यावा असं ठरलं, आणि या एका गोष्टीवर तिघांचंही लगेच एकमत झालं. हार, दोन समया, ‘कै. योगराज पितांबर’, आणि खाली ठळक अक्षरात ‘नमुना’. तो बॅनर आबांना नुसता बघायला पाठवला. आबांना आवडला, पण ते म्हणाले की खाली ‘शोकाकुल’ म्हणून मंडळाच्या एकूण एक बठ्ठ्या सभासदांची नावं पाहिजेत, एकही सुटलं तर माणूस नाराज होतो. नावं टाकता टाकता शेवटच्या सभासदाला जागा उरेना. समाधानने ‘नमुना’ हा शब्द काढला, तेवढ्या जागेत ते नाव बरोबर बसलं. त्याला वाटलं कामिनी बघेल. कामिनीला वाटलं प्रज्ञा बघेल. प्रज्ञाला वाटलं की ज्याचा फोटो आहे तो तरी बघेल. मला कोणी दाखवलाच नाही. याला आमच्या पुस्तकात टीमवर्क म्हणतात.

आबांनी स्वतःचं नाव सगळ्यात वर बघून तो बॅनर स्टेटसला ठेवला आणि समाजाच्या सगळ्या ग्रुपांवर टाकला. आबा एरंडोलपासून सुरतपर्यंतच्या ग्रुपांवर आहेत. आपल्याकडे बॅनर कोणी वाचत नाही हे तुम्हाला माहीत आहे. हार दिसला की हात जोडायचे आणि पुढे पाठवायचं. सकाळी मी पोह्यांची बशी घेऊन दार उघडलं तर शेजारच्या झुंबरबाई हंबरडा फोडत आत येत होत्या. त्यांनी मला बघितलं, आधी थोबाडीत मारली, मग गळ्यात पडून रडल्या. त्यांच्यामागून लोक येतच राहिले. आलोच आहोत तर बसतो म्हणाले. मीच सगळ्यांना चहा दिला. पुढे कॉलेजात पोचलो तर आमच्या वर्गात सगळे दोन मिनिटं शांत उभे होते. मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून मीही मागे जाऊन मान खाली घालून उभा राहिलो. समाधान माझ्या शेजारीच होता. त्याने डोळ्यांनीच विचारलं, मी डोळ्यांनीच नंतर सांगतो म्हणालो.

दुपारी घरी आलो तर मामींचा फोन येऊन गेला होता, की तुम्ही ताटावरून उठून निघालात. मी तुम्हाला फोन लावला तेव्हा तुम्ही पारोळ्याला स्टँडवर होतात. माझ्या मेलेल्या भाच्याच्या नावाने चेष्टा करता का, म्हणून तुम्ही मला ज्या शिव्या दिल्या त्या मी मनाला लावून घेतलेल्या नाहीत. माझ्यासाठी इतकं मनापासून कोणी शिव्या दिल्याचं मला आठवत नाही. मग मी लहानपणी तुमच्या ओट्यावरून पडलो होतो ते सांगितलं, तेव्हा तुम्हाला पटलं. मागे कंडक्टर ‘जळगाव, जळगाव’ ओरडत होता. आणि मग तुम्ही म्हणालात, “जित्ता शे ना? मंग मी कसाले येऊ तुमना घर?” तुम्ही धुळ्याच्या गाडीत बसलात हे मला मामींकडून कळलं.

झालं ते असं आहे. माझ्यामुळे तुमचा जीव घाबरा झाला, एसटीत बसून तुम्ही वाटभर काय विचार केला असेल ते मला आता रोज डोळ्यांपुढे येतं, आणि मला फार वाईट वाटतं. आबांना घेऊन येऊन तुमच्यापुढे नारळ ठेवावा असं मनात होतं, पण मंडळाचे अध्यक्ष तुमच्या दारात उभे राहिलेले बघून धुळ्यात नवीनच गोष्ट पसरायची. म्हणून पत्रावरच भागवतो. मोठ्या मनाने माफ करा. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा,
(अजूनही)
योगराज

ता. क. – मॅडमनी आम्हाला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले. इतक्या लोकांपर्यंत कोणाचाच व्हिडिओ पोचला नाही म्हणे. मंडळालाही आता गावोगावहून फोन येतात. लोक आधी तो पोरगा कसा आहे विचारतात आणि मग नंबर लिहून घेतात. आबा म्हणाले, पुढच्या व्हिडिओलाही तूच झोप.

ता. क. २ – वर एक गोष्ट लिहायची राहिली. म्हणजे लिहायची नव्हती. मामींचा फोन आईने घेतला होता, आणि तेव्हा मी जिवंत आहे हे तिने मामींना सांगितलंच नाही. ‘बरं, येऊ दे’ एवढंच म्हणून फोन ठेवला. मी घरी आलो तेव्हा तिने अंगण झाडून घेतलं होतं, चांगलं लुगडं नेसली होती, वरण शिजत होतं आणि बट्ट्या तळायला घेतल्या होत्या. अण्णा नवीन शर्ट घालून स्कूटर घेऊन स्टँडवर गेले होते, कोणी न सांगता. मी फोन हातात घेतला तर आई म्हणाली, “त्याले घर येऊ दे, मंग सांगूत.” मी ऐकलं नाही. मला वाटलं, मी शहाणपणा करतो आहे. अण्णा दिवेलागणीला एकटेच आले आणि शर्ट बदलून झोपले.

ता. क. ३ – त्यानंतर आई माझ्याशी बोलली नव्हती. आज सकाळी पहिल्यांदा बोलली. चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “आजून घंटाभर मरेल ऱ्हाता तं तुन्हं काय बिघडतं?” मामा, मला आता पुन्हा मरता येणार नाही, समाधानने तो बॅनर पुसून टाकला आहे, आणि या वेळी कोणी विश्वासही ठेवणार नाही. तेव्हा आता असेच या.