राणीचे चौथे कडवे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा शिवणकाम, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे; डॉक्टरीणबाईंनी आजच तपासून तसा दाखला दिला आहे. हे मृत्युपत्र करायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट करू नका म्हणणारेच जास्त. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, माझ्या भाचीला. गॅलरीचे दार जरा उचलूनच लावावे लागते.

२. शिवणयंत्र व कात्र्या माझ्या जुन्या मदतनीस बाईंना. मोठ्या कात्रीने कागद कापल्यास हक्क संपला.

३. माझ्या दिवंगत पतीची संगीतिका. इथे जरा लांबण लागेल.

प्राचीन काळची एक राणी, तिचे तीन प्रियकर आणि तिची तारांबळ, असा तो विनोदी खेळ. पहिल्या प्रयोगाला मी पुढच्या रांगेत होते. राणी घोरत होती, प्रेमपत्रातले शुद्धलेखन तपासत होती, मिठीत असताना “तुमचं बटण ढिलं झालंय” असे गाणे म्हणत होती. लोक पोट धरून हसले. मग ओळखीची माणसे एकेक करून माझ्याकडे वळून पाहू लागली. लग्नाआधी मला एकाने मागणी घातली होती, हे मी पतीला विश्वासाने सांगितले होते. त्यालाही त्यांनी दुसरा प्रियकर म्हणून खेळात घातले होते, तोतरेपणासकट.

घरी आल्यावर मी म्हटले, “एकदा मला विचारायचं तरी होतं.”

“अगं, राणी केलंय तुला, दासी नाही!”

धाकटे दीर पुढे कित्येक वर्षे जेवताना ते बटणाचे गाणे म्हणत. पती गेल्यावर मी संगीतिकेची वही कपाटात ठेवली आणि एकवीस वर्षे कुणाला दिली नाही.

गेल्या वर्षी पोस्टात नोकरी करणारी एक दिग्दर्शिका वही मागायला आली. तीनदा मी नाही म्हटले. चौथ्यांदा तिने वेगळेच विचारले, “काकू, तो प्रयोग बघताना तुम्हाला काय वाटलं?”

हे मला कुणीच विचारले नव्हते. मी सगळे सांगितले. तिने पिशवी उचलली. “मग नको करायला,” म्हणाली.

तेव्हा मीच म्हटले, “बस गं. राणीला उत्तर देऊ दे, मग करा.”

बटणाच्या गाण्याला तीन कडवी होती. चौथे मी रचले. अकरा दिवस लागले.

घोरते मी, खुशाल घोरते, किती घालाल दंगा?
मी निजलेली, जागे तुम्ही, प्रेमात कोण मग, सांगा!

प्रयोगात या ओळींना हशा थांबेना. गायिकेला कडवे पुन्हा म्हणावे लागले. शेजारी बसलेले दीर डोळे पुसत म्हणाले, “वहिनी, हे दादानं कधी लिहिलं?”

“भाऊजी, हे मी लिहिलंय.”

त्यांचे हसू मावळले. “मग काढायला हवं. खेळ दादाच्या नावावर आहे.”

म्हणून हे मृत्युपत्र. प्रयोगाचे व छपाईचे सर्व हक्क मी दिग्दर्शिकेला देते. लेखक आणि संगीतकार म्हणून पतीचेच नाव राहावे. चौथ्या कडव्याखाली माझे नाव यावे, आणि ते गाळून प्रयोग करू नये. दुसऱ्या प्रियकराचे तोतरेपण आम्ही काढले आहे, ते परत आणू नये. माणूस भला होता.

४. पतीचा पियानो धाकट्या दिरांना, आणि प्रत्येक प्रयोगाला पुढच्या रांगेतली एक खुर्ची. त्यांनी यावे. नाही हसले तरी चालेल.

५. पतीला माफ केले का, असे भाची विचारते. त्यांच्या चाली अजून ओठांवर येतात. तेवढ्यापुरते केले. बाकीचे चालू आहे.

वाचून, समजून, चष्मा पुसून सही केली.

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, मंगळवार