पूर्वपक्ष

भोकरदन

चि. हरिओम यास मामाचे आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र मिळालं. मेल्यानंतर, मुक्ती मिळाल्यावर, माणसं एकमेकांना ओळखतात का, हे मीच तुला विचारलं होतं. तू कॉलेजात द्वैती-अद्वैती पंडितांचे जुने वाद शिकवतोस म्हणून विचारलं. पहिल्या पत्रात तू लिहिलंस की जीव वेगवेगळेच राहतात, त्यामुळे ओळखही राहते. किती पटेल असं लिहिलं होतंस! मी ते तुझ्या मामीला वाचून दाखवलं. आता इलाज नाही म्हणून दवाखान्यानं तिला घरी पाठवल्यापासून तिला तेवढाच आधार आहे.

आता लिहितोस की तो नुसता पूर्वपक्ष होता. समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्यापेक्षाही चांगलं मांडायचं आणि मग खोडायचं, ही म्हणे त्या पंडितांची रीत. बाबा रे, मी सातवी शिकलेला. मला वाटलं, पत्र संपलं म्हणजे म्हणणं संपलं. तुझं खोडणंही बिलकुल बराबर आहे. पुन्हा पुन्हा वाचलं, कुठं फट सापडत नाही. मामीच्या हाती लागेल म्हणून ते खिशातच घेऊन फिरतो.

सकाळी तिनं विचारलंच, "हरिओमचं पत्र आल्तं ना? काय म्हणून राह्यला?"

"तेच," मी म्हणालो.

"मंग तिथं आल्यावर तुम्हीच हाक मारा. मला काही तुमचं नाव घेता येत न्हाई."

मी हो म्हणालो.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू उत्तर देशील, आणि तुला खोटं लिहिता येत नाही.

तुझा मामा,
बद्रीनाथ