बर्फातली बाटली

१२ जानेवारी १९८७, सोमवार

डॉक्टरणीने पहिलाच प्रश्न केला — नवरा कुठे आहे?

मी म्हटलं, समुद्रावर. रापणीचं जाळं ओढतात. त्यांचं इथे काय काम? मूल मला होत नाही.

ती हसली. म्हणाली, मंजुळाबाई, मूल दोघांना होत नाही. आधी त्यांची तपासणी करू, ती सोपी. मग तुमची.

सोळा वर्षांत हे मला एकानेही सांगितलं नव्हतं. सोळा वर्षं सोमवार मीच धरले. सासूने आणलेली मुळं उगाळून मीच प्याले, ओकले, परत प्याले. ह्या बाईने एका मिनिटात अर्धं ओझं काढून नवऱ्याच्या डोक्यावर दिलं. मला ती आवडली.

नवऱ्याचं नाव सगुण. बायकोने नाव घ्यायचं नाही म्हणतात. लिहायचं नाही असं कोणी सांगितलेलं नाही.

वही बर्फाच्या कारखान्याने दिली, जुनं गिऱ्हाईक म्हणून. मी तिसरी शिकले, अक्षर बरं आहे.

१३ जानेवारी

ह्यांना सांगितलं. दारात बसून जाळं शिवत होते. मान वर केली नाही.

"बायकांच्या इस्पितळात मी जावचंय नाय."

"नको जावा. सिस्टर बाटली देतली, ती घरी आणतंय. हंयच द्या."

"काय देऊ?"

सांगितलं काय ते. सुई बोटात गेली. बेचाळीस वर्षांचा माणूस, कानापर्यंत लाल.

१८ जानेवारी, रविवार

सासूला कळलं. तिला सगळं कळतं.

"डाक्टर कित्याक होयो? डिचोलेंचा चेडू बघून ठेवलेला असा मी. अठ्ठावीस वर्षांचा, घट्टमुट्ट. गणपतीच्या चवथीपर्यंत तुजा काय जाता ता बघूया. मगे माका बोल लावू नको."

मी म्हटलं, बघूया.

मी घाबरणारी नव्हे. किनाऱ्यावर लिलावात दहा बाप्यांच्या मधून इसवण उचलून नेते. पण खोटं कशाला लिहू? डिचोलीची मुलगी सवत म्हणून येणार म्हटलं की हातातली सुरी थांबते. दुसरी आली म्हणजे मी ह्याच घरात राहीन, मासे विकून आणीन, आणि तिचं पोर मांडीवर घेऊन बसेन. तेवढ्यासाठी मला कोणी ठेवून घ्यायला नको.

५ फेब्रुवारी

काल पणजीत कोकणी राजभाषेचा कायदा झाला. पेडण्याच्या बाजारात आज मासे कमी आणि भांडणं जास्त. मी भाव कोकणीत सांगते, लिहिते मराठीत, शिव्या मालवणीत देते. मला तिन्ही लागतात.

उद्या बाटली न्यायची आहे. बस चालू राहू दे म्हणजे झालं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दिली. एकदाची दिली. सकाळी मला आणि सासूला घराबाहेर काढून, दार लावून.

दवाखान्यातली सिस्टर — राणी नाव, बेळगावची — म्हणाली होती, तासाभरात आण, वाटेत खराब होता कामा नये. हरमलहून म्हापसा तासाभरात! बसने चोपडें, तिथून फेरीबोट, पलीकडे शिवोलीला परत बस. फेरी पलीकडे गेलेली असली तर नदीकडे बघत उभं राहायचं. बेळगावच्या माणसाला नदी काय माहीत.

पण खराब होऊ द्यायचं नाही म्हणजे काय, ते मला शिकवायला नको. बावीस वर्षं मासे विकते. माझ्या पाटीतल्या बांगड्याला कोणी वास आला म्हणून दाखवावं. लादी फोडून बर्फ बारीक केला, ॲल्युमिनियमच्या डब्यात भरला, बाटली मधोमध, वर भुसा, वर गोणपाट. माशांच्या पाटीत नाही ठेवली. मला अक्कल आहे.

फेरीवर ओळखीची एक भेटली. "मंजुळा, डब्यात काय गो? सुंगटां?" म्हटलं, हो, कोलंबी, साहेबाची ऑर्डर.

पोचले तेव्हा पावणेदोन तास झालेले. डब्यातून पाणी गळत होतं, तो पायरीवरच ठेवला. बाटली काढली तर बोटं बधिर. पदराने पुसून दिली. सिस्टर फोनवर बोलत होती, फडक्याने धरून टेबलावर ठेवलीन.

एकही थेंब खराब झालेला नसणार.

९ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरणीने कागद दाखवला. सगळं इंग्रजी. ह्यांचं नाव मला इंग्रजीत ओळखता येतं, रेशनकार्डावर आहे. नावाखाली ओळी, मधे एक मोठं शून्य. शून्यही मला वाचता येतं.

"एकही जिवंत नाही, मंजुळाबाई. एकदाच बघून ठरवत नाही आम्ही. पुढच्या महिन्यात परत बघू —"

परत-बिरत मी ऐकलं नाही. शून्य घेऊन घरी आले.

सासू अंगणात खारे मासे सुकत घालत होती. मी बसलेसुद्धा नाही. पायरीवरून सांगितलं, मोठ्याने. पलीकडच्या दारात माझी जाऊ वत्सला उभी होती, तिलाही ऐकू दे म्हटलं.

"सोळा वर्षां माका वांझ म्हटलास. हो कागद बघ, आये. तुज्या झिलाचो दोष असा. बोलव आता डिचोलेंचा चेडू!"

सासू खारे उलटत राहिली. उलटलेले परत उलटले.

हे माझ्या मागेच उभे होते. मला दिसले नव्हते.

१० फेब्रुवारी

सासूने पेज आधी मला वाढली. डिचोलीचं नाव नाही. जिंकले.

२२ फेब्रुवारी, रविवार

वत्सला हसत हसत सांगत आली. रापण ओढताना बाबुराव म्हणे ह्यांना म्हणाला, "सगुणा, दोरयेक तरी जोर लाव रे." सगळे हसले म्हणे.

मी तिला विचारलं, बाबुरावला कोणी सांगितलं? तूच ना?

"माजा नाव कित्याक? तूच पायरेर रवून बोललंस गो. अर्ध्या हरमलाक ऐकू गेला."

खरं आहे.

हे आता आपल्या वाट्याचे मासे उचलून सरळ घरी येतात. कोणाबरोबर विडी ओढायला बसत नाहीत. माझ्याशी बोलतात — मीठ दे, पाणी दे, एवढं.

११ मार्च, बुधवार

हे म्हापशाला गेले, घरातलं जाळ्याचं सूत संपलं म्हणून. धुतलेला शर्ट घालून. संध्याकाळी रिकाम्या हाताने परत. दुकानातही नव्हतं म्हणे.

१७ मार्च

शिगम्याचा मेळ दारात आला. ह्यांनी ढोल वाजवला! महिनाभर मान खाली घालून फिरलेला माणूस. बाबुराव परत काहीतरी बोलला, हे चक्क हसले. ह्या माणसाला काही लागतच नाही की काय? मला लागतं. बाबुरावला मी पुढच्या वेळी सडके तारले देणार आहे.

२० मार्च

सासू ह्यांना म्हणाली, बाबा, परत एकदा तपासून बघ, डॉक्टरही चुकतात.

हे म्हणाले, "कित्याक? एकदा केलंय ता पुरे. माजोच दोष. मंजुळेक आता कोणी काय बोलूचा नाय."

मला बरं वाटलं. का ते माहीत नाही.

२७ मार्च, शुक्रवार

बाजारासाठी म्हापशाला गेले होते, बर्फाचा डबा हातातच. दवाखान्यात डोकावले. राणी सिस्टर म्हणाली, दुसरी बाटली कधी आणतीस? मी म्हटलं, आणली तरी तेच. बर्फ कमी पडला असं झालेलं नाही.

"कसला बर्फ?"

डबा दाखवला. ती खुर्चीवर बसलीच.

"बर्फात आणलीस? आगं बाई, बांगडे हाईत काय ते! अंगाच्या उबंत आणायचं असतंय, पोलक्यात धरून. गारठून मेले की सगळे."

डॉक्टरणीला बोलावलं. ती रागावली नाही. म्हणाली, आमचीच चूक, आम्ही सांगायला हवं होतं. तो कागद फाडून टाका. आता असं करू, आधी तुमचा फोटो काढू — पिशवीचा आणि नळ्यांचा.

फेरीवर उभं राहून आले. बसायला जागा होती.

बावीस वर्षं ज्याच्यावर जगले त्यानेच मारले. मीच मारले.

२८ मार्च

सांगायचं. पण आधी माझा फोटो निघू दे. माझं सगळं नीट निघणार. मग दोघंही नीट, मग कोणीच कोणाला बोलायचं नाही. हे बरं.

१० एप्रिल, शुक्रवार

टेबलावर आडवं केलं, खालून औषध सोडलं आणि फोटो काढले. कळ अशी आली की राणी सिस्टरचा हात मी चुरगळला. ती म्हणाली, चुरगाळ, चुरगाळ, दुसरा हाय मला.

मग डॉक्टरणीने फोटो उजेडाला धरला. पिशवी छान आहे म्हणाली. तिकोनी, पांढरी, मला पण दिसली. तिच्या दोन बाजूंना काहीच नाही. काळं. औषध पुढे गेलंच नाही.

"दोन्ही नळ्या बंद आहेत, मंजुळाबाई. खूप वर्षांपासून असाव्यात. मुंबईला ऑपरेशन करतात, पण अडतिसाव्या वर्षी मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

मी म्हटलं, दाखवू नका.

११ एप्रिल

आज पाटी उचलली नाही.

१९ एप्रिल

विचार केला. गप्प बसले तर काय बिघडतं? मूल असंही नाही, तसंही नाही. दोष ह्यांच्या नावावर आहे तर डिचोली बंद. माझ्या नावावर आला तर चवथीला ती दारात. फोटो मी तांदळाच्या पिंपात तळाला ठेवलाय. मला, डॉक्टरणीला आणि सिस्टरला माहीत, आणि ह्या वहीला.

बस्स. गप्प बसणार.

३ मे

सासूने इसवणाची मधली तुकडी मला वाढली. खाल्ली. चांगली होती. हे शेपटीकडची चघळत होते.

११ मे, सोमवार

सासूने सोमवार धरलाय. ह्यांच्यासाठी. सत्तर वर्षांची बाई, दिवसभर पाणीसुद्धा नाही. पाठीमागे सहाणेवर मूळ उगाळत होती. वासावरूनच ओळखलं. तेच मूळ. सोळा वर्षं मी प्यालेलं, तेच.

"सगुणाक देतंय," म्हणाली. "माका वाटला हुता तूच तशी. तुज्या मनात काय धरू नको गो."

सोळा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी अशी बोलली. आणि नेमकी आत्ता बोलली, जेव्हा तिचंच खरं निघालं.

मी तिथून उठले.

हे ते वाटण प्याले. तोंड वाकडं न करता, सगळं.

२४ मे, रविवार

सांगितलं.

हे किनाऱ्यावर एकटेच जाळी गोळा करत होते, पावसाळ्यासाठी आत टाकायला. मी उभ्यानेच बोलले. बर्फ मी घातला. शून्य माझ्यामुळे. माझ्या दोन्ही नळ्या बंद, फोटो तांदळात आहे. दीड महिना लपवला. आता काय ते करा. डिचोली करायची तर करा, मी वेगळी चूल मांडीन, माझ्या पाटीवर माझं पोट भरतं.

एका दमात बोलले. 

ह्यांनी वाकून जाळ्याचं एक टोक उचललं. मग म्हणाले, "ह्या टोक धर. वाळू झाडूया."

"आयकलात मां तुमी?"

"आयकलंय. घट धर."

मी धरलं. दोघांनी जाळं झाडलं, घडी घातली. मी विचारलं, आयेला कधी सांगायचं?

"आयेक काय सांगूचा नाय. चवथ येतली नि जातली."

एवढंच. मारलं असतं, ओरडले असते तर मला कळलं असतं. दगड आहे हा माणूस. बायकोने गावभर नामर्द केला, आणि म्हणतो वाळू झाडूया!

३० मे, शनिवार

गोवा राज्य झालं. पेडण्याला फटाके वाजले. सासू विचारत होती, म्हणजे कालपर्यंत काय हुता?

३१ मे, रविवार

जाळी माळ्यावर टाकली. एक फाटलं होतं, म्हणून ह्यांचा सुताचा डबा काढला. तळाला कागद. मराठी शिक्का म्हापशाच्याच, पण दुसऱ्या दवाखान्याचा. वर ह्यांचं नाव. नुसतं शून्य कुठेच नाही, त्या जागी ७०.

तारीख ११ मार्च.

होता तसा घडी करून परत ठेवला. वरून सुताची गुंडी. नवीकोरी, भरलेली. म्हणे सूत संपलं होतं.