प्रयागबाईच्या शेतावर तीन दिवस

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

ऋषिकेशला हाकलून दिलं. म्हणजे चहा पाजला, बिस्किटं दिली आणि मग हाकललं!

हा माणूस जंगलातल्या रिसॉर्टांवर शिबिरं भरवतो. नागपुरात बेसा भागातल्या माझ्या योगवर्गाबद्दल कुणाकडून तरी ऐकलं, म्हणून आला. मी माझं शिबिर सांगितलं. पेंचच्या जंगलाच्या कडेला तीन दिवस. मौन, श्वास, सकाळचं चालणं, नदीत नुसतं बसून राहणं. आणि येणाऱ्या पाचही जणी माझ्यासारख्या — कॅन्सरमध्ये एक स्तन गेलेल्या.

त्याचा चेहराच पडला. "मॅडम, कन्सेप्ट बढिया आहे. फक्त ते आजारपण मधात नका आणू. फोटोत फ्रेश चेहरे पाहिजेत. आणि एखादे गुरुजी बसवू ना!"

गुरुजी! दोन वर्षांपूर्वी भूल उतरताना मी ओकत होते, तेव्हा कुठे होते गुरुजी? शेजारच्या खाटेवरच्या प्रयागबाईनं माझ्यासमोर भांडं धरलं होतं. एका हातानं. तिचंही ऑपरेशन तीन दिवसांआधी झालेलं.

४ नोव्हेंबर

रिसॉर्टच कशाला हवं? प्रयागबाईचं शेत जंगलाला लागून आहे. फोन केला. मी पुरतं सांगायच्या आतच — "ये ना वं माय! विचारून काय राहिली?"

९ नोव्हेंबर, रविवार

बसनं एकटी जाऊन आले.

धान कापून झालंय. बांधावरून पाच मिनिटं उतरलं की नदी. गुडघाभर पाणी, खाली गोटे, पलीकडे सागाचं दाट रान. झोपायला तिची नवी खोली आहे, अजून गिलावा व्हायचाय. आरसा नाही. फारच उत्तम!

पाण्याशी उभी होते. कुर्त्याच्या आत नेहमीची कापसाची गादी. घराबाहेर मी ती कधीच काढत नाही. प्रयागबाई काठावर बसून पायाची माती धुत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "काढ ते. नदीले काय समजते, कोणाले एक हाय का दोन!"

काढली. पाण्यात बसले. इतकं थंड की दात वाजले. मग वाजायचे थांबले. किती वेळ बसले माहीत नाही. रडले नाही. रडायला येईल असं वाटलं होतं, पण उलट भूक लागली! तिच्याकडे तीन भाकरी खाल्ल्या.

तारीख ठरवून आले. १२ ते १४ डिसेंबर.

१० नोव्हेंबर

नवऱ्याला, रजतला, सांगितलं. मिहानमधल्या ऑफिसातून थकून आला होता, तरी बूट न काढताच वाद घातला. इन्फेक्शन, थंडी, साप. शेवटी — "आणि तिकडे वाघ आहेत, मयुरा!"

मी म्हटलं, "अर्धी डॉक्टरांनी नेली. उरलेल्यावर त्याचं काय पोट भरणार?"

हसला नाही. मी हसले.

१६ नोव्हेंबर, रविवार

आता सासूबाई. आईंनी आज जेवताना तोंड उघडलं. "काहून वं जाऊन राहिली जंगलात? घरात काय कमी हाय तुले?"

"कमी काही नाही, आई. जायचंय मला."

"बायांनी नदीत बसायचं, अन् तेही असं! लोकं काय म्हणतीन?"

"लोक नसतात तिथे. म्हणून तर जातेय."

"पुढच्या वर्षी जाय."

"पुढच्या वर्षाची खात्री डॉक्टरसुद्धा देत नाहीत मला!"

ताट सारून उठल्या. मी पोटभर जेवले. मुद्दाम.

२२ नोव्हेंबर

काजलचा फोन. एकतीस वर्षांची पोर, पाचांतली सगळ्यात लहान. कुजबुजत बोलत होती. "ताई, घरचे नाही म्हणून राहिले."

"तुला काय वाटतं?"

 "मले यायचं हाय."

"मग बॅग भर. घरी मी येते बोलायला."

पाचांतल्याच कोराडीच्या यमुताईंना सोबत घेऊन गेले. त्या एकसष्ट वर्षांच्या, आवाज भोंग्यासारखा. काजलच्या नवऱ्याला म्हणाल्या, "ऑपरेशनच्या कागदावर सही करायले तुमची हिंमत झाली, आता तीन दिवस सोडायले होत नाही?"  येणार ती!

२९ नोव्हेंबर

आईंनी माझ्याशी बोलणं टाकलंय. आज रजतकडून निरोप — "आई म्हणते, निदान एक महिना थांब." एक महिना थांबून काय होणार? कारण विचारलं तर सांगत नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोयीनं थांबले. या वेळी नाही. तारीख हलणार नाही!

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी रजत गेल्यावर आई खोलीत आल्या. दार लोटलं. माझा हात धरून पदराखाली नेला. डाव्या काखेजवळ. सुपारीएवढी, टणक.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आई, आणि मला सांगितलं नाही? उलट अबोला धरलात माझ्याशी!"

"सांगायची हिंमत होऊन नव्हती राहिली. अन् तू निघून गेली असती, त कोणाले दाखवलं असतं मी?"

उद्या नऊ वाजता माझ्याच डॉक्टरांकडे. यमुताईंना कळवलं — बारा तारखेला सगळ्यांना तुम्ही घेऊन जा.