वजनकाट्याजवळचे एकतीस ब्रेक

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

बेचाळीस! शंभरात बेचाळीस. बारावीला गणितातसुद्धा इतके कमी नव्हते.

विमा कंपनीनं स्टिअरिंगखाली बसवलेलं ते डबडं — काडेपेटीएवढं — वर्षभर माझ्या चहाड्या करत होतं. वेग, वळण, ब्रेक, सगळं. आज मोबाइलवर निरोप: 'वारंवार जोरात ब्रेक. धोकादायक चालक.' गुण पन्नासच्या खाली राहिले तर मार्चनंतर विमा नाही. विमा नाही तर चाकणच्या कंपनीत मिनीबस आत घेत नाहीत. मोशीहून सतरा बायकांना मी पहिल्या शिफ्टला नेते. सहा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. आणि मी धोकादायक!

गाड्यांचे ठेकेदार रंगराव, त्यांना फोन केला. म्हणाले, मशीन काय तुमच्याशी वैर धरतंय का, विजयश्रीबाई?

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज ब्रेक मारायचाच नाही असं ठरवून निघाले. ट्रक तोलतात त्या वजनकाट्याजवळ उभ्या कंटेनरच्या आडून एक बाई डबा घेऊन थेट रस्त्यात. मारला. एकेचाळीस.

शनिवार, ८ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरची इफ्फत हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिच्यापुढे रडगाणं सुरू केलं, तर पोरीनं आधी मोबाइलच मागितला. डबड्यातली सगळी नोंद ॲपमधून काढता येते — मला कुठं ठाऊक! तिनं एकेक ब्रेक नकाशावर टिपला. अडतीस ठिपके. त्यातले एकतीस एकावर एक — वजनकाट्याजवळचं वळण.

तिथं कडेला कंटेनर ओळीनं उभे. कामाला जाणारी माणसं त्यांच्या फटीतून निघतात, अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाहीत.

इफ्फत म्हणाली, "काकी, डबडं खरं बोलतंय. पण रस्त्याची तक्रार तुमच्या नावावर लिहिलीये."

घरी येऊन दोनदा चहा केला. बसवेना.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चांदभाईंच्या गॅरेजात गेले. आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या त्यांच्याकडेच येतात, आणि निम्म्यांत हेच डबडं. तिथं जमलेल्या ड्रायव्हरांना नकाशा दाखवला, प्रत्येकाची नोंद मागितली. बीडचा नवनाथ म्हणाला, आपल्या चुका आपणच कागदावर काढून द्यायच्या का?

चांदभाई हात पुसत होते. वर न बघताच म्हणाले, "तुझ्या ब्रेकमुळं कुणीतरी घरी पोचलंय, नवनाथ. लपवतोस कशाला?"

पहिला मोबाइल नवनाथनंच पुढे केला. एकूण अकरा जणांनी दिले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

विम्याच्या ऑफिसात. गणराज नावाचा तरुण अधिकारी. गुण कॉम्प्युटर देतो, आम्हाला बदलता येत नाहीत — हे त्याचं पालुपद तीनदा ऐकलं. मग बारा जणांचा नकाशा त्याच्या टेबलावर पसरला. बारा गाड्या, एकच वळण.

तो कॉम्प्युटरकडे वळला आणि त्यांच्याकडे विमा असलेल्या सगळ्याच गाड्या शोधायला लागला. वर्षभरात त्या वळणावर दोनशे साठ गाड्यांनी करकचून ब्रेक मारलेत! खुर्चीत मागे टेकला. म्हणाला, "आम्ही अपघात झाल्यावर तिथं जातो, मॅडम. न झालेले अपघात आज पहिल्यांदा बघतोय."

बाहेर आले. वडापाव खाल्ला. दोन खाल्ले.

बुधवार, १२ मार्च

जिंकले!!

पत्र आलं. त्या जागचे ब्रेक आता कुणाच्याच नावावर धरणार नाहीत. माझे गुण एक्याण्णव. विमा चालू. गणराजनं सगळा नकाशा वाहतूक पोलिसांना दिला होता. कंटेनर हटले, पांढरे पट्टे मारले, दिवाही लागला. आज वळणावर लांबूनच माणसं दिसली — चांगली धडधाकट, डबे हलवत चाललेली! बसमधल्या बायकांनी गेटापर्यंत टाळ्या वाजवल्या. गेटापाशी हॉर्नला बंदी आहे. वाजवला.

रंगराव आता म्हणतात, बाकीच्या ड्रायव्हरांना तुम्हीच समजावून सांगा. सांगेन की!

बुधवार, २६ मार्च

दुपारी दारात एक अनोळखी बाई. चांदभाईंकडून पत्ता मिळाला म्हणाली. फरीदा नाव. रोजा होता, पाणीही घेतलं नाही. हातात जुनी फाइल.

तिचे मिस्टर मोईज, पिकअप चालवायचे. दोन वर्षांपूर्वी त्याच वळणावर पहाटे कंटेनरवर आदळून गेले. कंटेनरवाला म्हणाला, माझी गाडी उभी नव्हतीच, चालत होती. अहवालात लिहिलंय: 'रस्ता मोकळा होता, चालकाचं लक्ष नव्हतं.' विम्याचे पैसे याच कंपनीनं नाकारले. लोकही तेच बोलतात, घरी सासूबाईसुद्धा.

तिनं एवढंच विचारलं, "तुमच्या डबड्यांना दोन वर्षांपूर्वीचं आठवतं का?"

फाइल घेऊन तडक गणराजकडे.

शुक्रवार, ४ एप्रिल

गणराजचा फोन. त्या पहाटे, मोईज यांच्या आधीच्या अर्ध्या तासात, तीन गाड्यांनी नेमक्या त्याच जागी करकचून ब्रेक मारले होते. म्हणजे कंटेनर आधीपासूनच तिथं उभा होता, रस्ता मोकळा नव्हता. फाइल पुन्हा उघडतायत.

फरीदाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "सासूबाईंना फोन देते. त्यांना हेच सांगा. याच शब्दांत."